विषय: सह्याद्रीच्या पझलमधून कळसूबाईच गायब आहे

नमस्कार,

तुमचं सह्याद्रीच्या चित्रनकाशाचं १००० तुकड्यांचं पझल मी बाबांच्या सत्तरीला मागवलं, १४९९ रुपये आधीच भरून. बाबांनी आयुष्यभर डोंगर तुडवले, आता दोन्ही गुडघ्यांनी जवाब दिलाय, म्हणून म्हटलं निदान टेबलावर तरी फिरतील. आणि फिरले हो, १९ दिवस आमचं डायनिंग टेबल बंद होतं, आम्ही सगळे मांडीवर ताट घेऊन जेवलो. चित्रं छान आहेत यात वाद नाही, रतनगडाचं नेढं आहे, कासची फुलं आहेत, नाणेघाटातला दगडी रांजणसुद्धा कोणीतरी आठवणीने काढलाय, तो सापडला तेव्हा बाबांनी मला ऑफिसच्या मीटिंगमधून फोन उचलायला लावला होता.

शेवटी एक भोक राहिलं. आणि ते कुठे, तर बरोब्बर कळसूबाईच्या माथ्यावर. खाली बारी गाव आहे, लोखंडी शिड्या आहेत, देवळाची खालची अर्धी भिंत आहे, कळस नाही. १६४६ मीटर, अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आणि नेमका तोच तुकडा नाही! सोफा सरकवला, केरसुणीने पलंगाखाली झाडलं, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी पेपरवर उलटी केली, काही नाही.

तुमच्या कस्टमर केअरच्या मॅडम म्हणाल्या की तुकडे मोजूनच पॅक होतात, कमी असूच शकत नाही. मॅडमचं बरोबरच आहे, मोजून १०००च आहेत, कारण कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा एक निळा तुकडा दोनदा आलाय, अगदी जुळा. दोन्ही शेजारी ठेवून काढलेला फोटो सोबत जोडलाय, भोकाचा पण जोडलाय.

मग म्हणाल्या रिटर्नची मुदत ७ दिवस होती, ती संपली. अहो पण तुकडा कमी आहे हे पझल पूर्ण झाल्याशिवाय कळणार कसं? ७ दिवसांत आमची नुसती कडा लागली होती आणि थोडं कोकण. वर सल्ला काय, तर यावेळी अपवाद म्हणून घेऊ, सगळं मोडून मूळ बॉक्समध्ये भरून पाठवा. हे बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, तुमची असेल तर नंबर देते.

आणखी एक, हे बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तुम्ही पूर्वेला काढलाय. नावातच कोकण आहे हो! कडा पश्चिमेला आहे, तुमच्या चित्रासारखं असतं तर कड्यावरून खाली वाकल्यावर अकोले तालुका दिसला असता. तिथलं इंद्रवज्र, म्हणजे धुक्यात दिसणारं गोल इंद्रधनुष्य, बघायचं तर सकाळचं ऊन पाठीशी आणि समोर दरीत धुकं लागतं, कडा पूर्वेला नेलात तर सकाळचं ऊन डोळ्यांतच येईल. (हे मला अर्धा तास मीठदाणी, वाटी आणि टॉर्च घेऊन समजावून झालंय.) पुढच्या छपाईत तेवढं नीट करा.

मला पैसे परत नकोत, नवीन बॉक्सही नको, दुसऱ्या बॉक्समध्ये दुसराच डोंगर गायब असायचा. फक्त कळसूबाईचा तो एक तुकडा पाठवा, त्याच साच्यातून कापलेला, नाहीतर बसायचा नाही. ऑर्डर नंबर आणि पत्ता तुमच्याकडे आहेच, पाकिटावर नाव मात्र माझं नको, बाबांचं टाका. तोवर त्या भोकात शर्टाचं पांढरं बटण ठेवलंय आणि घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो की हे काय, बर्फ पडतो का तिथे.