पहिलं चित्र घेण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

बोनसमधले दीड लाख चित्रांत घालायचं तुझ्या मनात आहे, हे ऐकून बरं वाटलं. मात्र घाई करू नकोस. 2021 मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र जवळपास 40 कोटींना गेलं, 2023 मध्ये अमृता शेरगिलचं 61.8 कोटींना. या बातम्या खऱ्या आहेत, पण त्या मोजक्या दिवंगत चित्रकारांच्या आहेत. 2008 च्या मंदीत भारतीय चित्रांचा बाजार कोसळला, तेव्हा आधीच्या दोन-तीन वर्षांत भाव वर चढलेल्या तरुण चित्रकारांना सगळ्यात मोठा फटका बसला. त्यांची चित्रं घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

आधी हिशेब बघ. लिलावात हातोडा 1 लाखाला पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली, असं धर. त्यावर खरेदीदाराकडून घेतलं जाणारं प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचा आकार, बऱ्याच ठिकाणी 20 टक्क्यांच्या आसपास असतं. शिवाय जीएसटी: चित्रावर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के, प्रीमियमवर वेगळा. म्हणजे तुझ्या खिशातून सव्वा लाखाहून जास्त जातात. उद्या तेच चित्र विकायला काढलंस आणि विक्रेत्याचं कमिशन 10 टक्के धरलं, तर पुन्हा लाखालाच गेलं तरी हातात 90 हजार येतात. नुसती बरोबरी साधायलाच भाव साधारण 40 टक्के वाढावा लागतो. गॅलरीतून घेतलंस तर गॅलरीचा वाटा किमतीतच असतो, आणि बहुतेक गॅलऱ्या विकलेलं चित्र परत घेत नाहीत. म्हणून पुढची दहा वर्षं ज्यांची गरज पडणार नाही तेवढेच पैसे यात घाल. दीड लाख ही तुझी सगळी शिल्लक असेल, तर आत्ता घेऊच नकोस.

सुरुवात कागदापासून कर, कॅनव्हासपासून नको. चांगल्या चित्रकाराचं रेखाटन, जलरंग किंवा छापचित्र त्याच्याच तैलचित्रापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतं. छापचित्र घेताना डोळे उघडे ठेव. एचिंग (आम्लानं कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून), लिथोग्राफ (दगडावरून), लाकूडठसा आणि सेरिग्राफ (जाळीतून छापलेलं) ही खरी छापचित्रं. खाली पेन्सिलीनं 7/25 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 25 प्रतींतली सातवी. उजवीकडे पेन्सिलीतच सही. ए/पी म्हणजे चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. एचिंगमध्ये प्लेटच्या कडेचा दाब कागदावर बोटाला जाणवतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग नेत जा: ओळीत मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे पुस्तकासारखी यंत्रावरची छपाई, आणि शाईचे बारीक शिंतोडे दिसले तर इंकजेट, म्हणजे संगणकाच्या प्रिंटरची. कॅनव्हासवर इंकजेटनं छापलेली प्रत 'लिमिटेड एडिशन' म्हणून सही करून विकतात. घरात लावायला ती छान, पण गुंतवणूक म्हणून घेऊ नकोस. खऱ्या सेरिग्राफचंही तसंच: आवृत्ती शेकड्यांत असेल, तर नाव कितीही मोठं असो, भाव फार हलत नाही.

पहिले चार-सहा महिने फक्त बघ. जहांगीर, जेजे स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, जमलं तर नोव्हेंबरात आर्ट मुंबई हा कलामेळा. आवडलेल्या चित्रकाराचं नाव, माप, माध्यम, साल आणि किंमत वहीत लिही. लिलावांचे जुने निकाल संकेतस्थळांवर फुकट दिसतात; त्यात न विकली गेलेली चित्रंही बघ, ती जास्त शिकवतात. गॅलरीत थोडी सूट किंवा हप्ते मागायला संकोच करू नकोस, ती पद्धतच आहे.

आता कागदपत्रं. यात मी अजिबात ढिलाई सांगणार नाही. 2009 मध्ये दिल्लीत चित्रकार एस. एच. रझांच्याच चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला रझा स्वतः गेले, तेव्हा भिंतीवरची चित्रं बनावट असल्याचं त्यांनीच ओळखलं. 2011 मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून लावलेली 20 चित्रं खोटी निघाली. त्यामुळे 'जुन्या वाड्यातलं धुरंधरांचं चित्र, स्वस्तात' असं जुन्या काळच्या चित्रकार एम. व्ही. धुरंधरांचं नाव घेऊन कुणी म्हटलं, की आधी मालकीचा माग विचार: कुणाकडून कुणाकडे, कधी, कोणत्या प्रदर्शनात लागलं, कोणत्या कॅटलॉगात छापलं. प्रमाणपत्राला किंमत ते देणाऱ्याच्या विश्वासाइतकीच. हयात चित्रकाराकडून चित्राच्या फोटोमागे त्याच्या हातची सही, माप आणि साल लिहून घे. जीएसटीचं बिल घे, पैसे बँकेतूनच दे. विकताना कर लागतो तेव्हा हेच बिल उपयोगी पडतं: चित्र 24 महिन्यांहून जास्त ठेवलं तर नफ्यावर 12.5 टक्के. उद्या परदेशी गेलीस तर 100 वर्षांपेक्षा जुनं चित्र बरोबर नेता येत नाही. रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा, सरकारनं ज्यांची चित्रं 'कलानिधी' म्हणजे देशाचा कलाठेवा ठरवली त्या नऊ चित्रकारांचं कोणत्याही सालातलं चित्र देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक इथलंच.

चित्र घरी आल्यावर सगळ्यात जास्त नुकसान फ्रेमवाला करतो. मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा लावला तर त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत कागद पिवळा, ठिसूळ होतो. त्याला आधीच सांग: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले, कागद चिकटवायचा नाही, वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ. सेलोटेप नाही, मास्किंग टेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. माउंटसाठी कडा कापू देऊ नकोस, पेन्सिलीतला आकडा आणि सही तिथेच असते. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नकोस. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लाव, म्हणजे हवा खेळते. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मागची बाजू बघ. तांबूस ठिपके किंवा कसर दिसली तर स्वतः पुसायला जाऊ नकोस. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचार.

फ्रेमला टाकण्याआधी पुढून, मागून आणि सहीचा जवळून असे तीन फोटो काढ आणि बिलाबरोबर मलाही पाठव. इथल्या फाईलमध्ये एक प्रत राहील.

तुझी,
आई