शनिवारी जेजेचं वार्षिक प्रदर्शन

सभासदहो, येत्या शनिवारी सर ज. जी. कला महाविद्यालयातलं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन बघायला जायचंय. सकाळी १०.३० वाजता सीएसएमटीच्या मुख्य दारापाशी भेटू. तिथून चालत दहा मिनिटं. उशीर झालाच तर थेट आत या, थांबणार नाही.

१८५७ पासूनची संस्था आहे, आवारातली झाडंही बघण्यासारखी. चित्रांपाशीच रेंगाळू नका, शिल्प आणि सिरॅमिकलाही वेळ ठेवा.

- कामांना हात लावू नये. ओली माती, ओला रंग असू शकतो.
- फोटोआधी विद्यार्थ्याला विचारा.
- प्रत्येकाने एका तरी विद्यार्थ्याशी बोलावं. नुसतं ‘छान’ नको. काय आवडलं, कुठे अडखळलो, ते सांगा. ‘हे आमची नातही काढेल’ हे वाक्य यंदा बंद!

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवा.