पाडण्याआधी शाळेची तपासणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातल्या आमच्या भागातली सरकारी शाळा पाडून तिथे नवी टोलेजंग इमारत बांधायची, अशी चर्चा सध्या जोरात आहे. पालकसभेत सरळ दोन तट पडले. मुलांच्या डोक्यावर स्लॅब कोसळल्यावर जागे होणार का, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरीकडे, जिथे तीन पिढ्या शिकल्या ती वास्तू जाणार म्हणून जीव तुटणारी माणसं. दोघांचीही कळकळ खरी आहे. पण इमारतीची प्रकृती नेमकी कशी आहे, हे कुणीच सांगू शकत नाही, कारण ती रीतसर तपासलेलीच नाही. बांधकामाच्या कामात हयात घालवलेला माणूस म्हणून मला गप्प बसवत नाही.

मुळात ही एक इमारत नाही, दोन आहेत. पुढचा भाग काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, सागवानी तुळयांचा. मागचे वर्ग नंतर वाढवलेले, आरसीसीचे. लोकांना जुना दगडी भाग पाहून भीती वाटते, मला मागच्या वर्गांची वाटते. कोपऱ्यातल्या वर्गाच्या छज्ज्याखाली सळया उघड्या पडल्या आहेत. बोटाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे हातात येतात. स्लॅबला खालून काठीने ठोकलं की पोकळ आवाज येतो. गच्चीवरचा कोबा फुटलाय, पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळ उगवलाय, त्यामुळे तुंबलेलं पाणी स्लॅबमध्येच मुरतं. सळई गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. वरून कितीही गिलावा चोपडा, आतलं गंजणं चालूच राहतं. हा भाग उतरवावाच लागेल, असा माझा अंदाज आहे.

पुढच्या भागाचं तसं नाही. भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या आहेत. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, पुन्हा चुन्यात भरून घ्यायच्या आणि तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं तपासायची, कारण ओल आणि वाळवी तिथूनच लागते. एक मात्र सांभाळायला हवं. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये, आतली ओल कोंडते आणि चांगला दगडही झडायला लागतो. सराफ बाजाराजवळच्या पेशवेकालीन सरकारवाड्याचं जतन आपल्याच शहरात झालं आहे आणि कालिदास कलामंदिर हे नाट्यगृहही न पाडता नवं करून 2018 मध्ये पुन्हा खुलं झालं.

पाडण्याची घाई असणाऱ्यांनी पूररेषेचाही विचार करावा. गोदाकाठच्या निळ्या रेषेच्या, म्हणजे पुराच्या पाण्याची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. आज शाळा उभी आहे म्हणून ती तिथे आहे. उद्या जागा मोकळी झाली आणि परवानगी अडकली, तर मुलं जाणार कुठे? 2027 च्या सिंहस्थाच्या कामांत सगळी यंत्रणा गुंतलेली असताना एका शाळेच्या फायलीकडे कोण बघेल? लांबच्या शाळेत पाठवायची वेळ आली तर आधी मुलींचं शिक्षण सुटतं. आमच्या गल्लीतल्या आयांनी पालकसभेत हीच भीती बोलून दाखवली, आणि ती सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवी.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात 30 वर्षांवरच्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे मजबुतीच्या तांत्रिक तपासणीची तरतूद आहे. मग दोन्ही भागांचं स्वतंत्र ऑडिट का होऊ नये? नुसतं डोळ्यांनी पाहून शेरा मारलेला कागद नको. काँक्रीटचे कोअर, म्हणजे तपासणीसाठी नळीसारखे तुकडे काढावेत, काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजावा. हा वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, 3 च्या खाली गेला तर संशयास्पद. हे आकडे कुणाही पालकाला समजतील, म्हणून अहवाल मराठीत शाळेच्या फलकावर लागला पाहिजे. दुरुस्तीचा आणि नव्या बांधकामाचा खर्चही त्याच्याशेजारी लावावा.

तोवर मागचे वर्ग ताबडतोब रिकामे करावेत. पुढच्या भागाची तपासणी आधी उरकून तो सुरक्षित निघाला, तर तिथे दोन सत्रांत शाळा भरवता येईल. त्यासाठी पावसाळ्याची वाट पाहू नये.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, जुने नाशिक