पत्र लपवणारा नायक

मा. संपादक,
स. न.

कथा-कादंबरीतला नायक मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवता येईल असाच असावा, अशी अपेक्षा एका वाचकाने आपल्या पुरवणीत मांडली आहे. त्यांची कळकळ मला समजते. पण आदर्श नसलेला माणूस लिहिण्यात किती आनंद असतो, हेही कोणीतरी सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

मी २८ वर्षे हिशेबखात्यात काढली. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही, ही सवय. निवृत्तीनंतर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा नायकही तसाच चोख मांडला: घड्याळे दुरुस्त करणारा, सचोटीचा, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी स्वतःचे लग्न पुढे ढकलणारा. चाळीस पानांत त्याचा जीव गेला. पुढे तो काय बोलणार हे मला आणि वाचणाऱ्यालाही आधीच ठाऊक असायचे.

कथानकात भावाच्या नोकरीचे पत्र टपालात गहाळ व्हायचे होते. लिहिताना लक्षात आले की पोस्टमन येतो त्या वेळी घरात नायकाशिवाय कोणीच नसते. म्हणजे पत्र त्याच्या हातात पडलेच असणार. मी त्याला ते खणात ठेवू दिले, आणि त्या दिवशी दुपार कधी झाली ते कळले नाही.

पण का ठेवले? आधी मत्सर हे कारण दिले, पटेना. मग पैशाची अडचण आणली, ती तर सरळ पळवाट होती. पाचव्या खर्ड्यात उत्तर सापडले. ज्याच्यासाठी सगळे सोडले तोच निघून गेला, तर आपण काय सोडले हे पाहायला घरात कोणी उरणार नाही, ही त्याची भीती. त्याग खरा आणि चोरीही खरी. दोन्ही एकाच मनातून आलेली! हे कळले तेव्हा मी टेबलापाशी बसून रडले.

सुरुवातीला तो स्वतःच गोष्ट सांगत होता, पण प्रत्येक कृत्याचे समर्थन करू लागला. निवेदन तृतीयपुरुषी केले, तेव्हा त्याचे हात दिसू लागले. परक्यांची घड्याळे सेकंदावर लावणारे, आणि घरचे घड्याळ रोज थोडे मागे सरकवणारे.

दारूचे व्यसन किंवा दुःखी बालपण वरून चिकटवले की व्यक्तिरेखा गुंतागुंतीची होते, असे मात्र मला मुळीच वाटत नाही.

आणि परंपरेचेच म्हणाल, तर संस्कृत नाट्यविचाराने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार मानले आहेत. त्यातल्या धीरोद्धताच्या वर्णनात गर्व, मत्सर आणि कपट हे सगळे येते. त्यालाही नायकच म्हटले आहे. माझा घड्याळवाला दिवसा धीरप्रशांत, म्हणजे शांत आणि संयमी असतो. रात्री खण उघडताना काय असतो, ते मी अजून शोधते आहे.

सध्या एका प्रसंगावर अडले आहे. भावजयीला ते पत्र सापडते. पुन्हा पुन्हा उलगडल्यामुळे त्याच्या घड्या झिजल्या आहेत, हे ती पाहते, आणि पत्र होते तसे ठेवून खण बंद करते. नवऱ्याला काहीच सांगत नाही. का, यासाठी कालपासून तिसरा खर्डा चालू आहे.

आपली,
एक वाचक