नैराश्यातला विसराळूपणा

महोदय,

नैराश्य म्हणजे निव्वळ उदासी, हा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात एकाग्रता, स्मरणशक्ती, निर्णयक्षमता आणि विचारांचा वेगही त्यात मंदावतो. मेंदूच्या प्रतिमांवरील अनेक अभ्यासांत अशा रुग्णांच्या कपाळामागील, नियोजन सांभाळणाऱ्या भागाची सक्रियता कमी, तर भावना हाताळणाऱ्या अमिग्डालाची नकारात्मक गोष्टींना मिळणारी प्रतिक्रिया तीव्र आढळली आहे. अर्थात हे फरक समूहांच्या सरासरीतले असून केवळ स्कॅनवरून कोणाचे निदान होत नाही. मन सावरल्यावरही काहींचा विसराळूपणा मागे उरतो आणि नेमके तेव्हाच कार्यालयात त्यांना कामचुकार ठरवले जाते. रजेवरून परतलेल्यांना काही आठवडे लेखी सूचना देणे कोणत्याही आस्थापनेला जड जाऊ नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही सूचनाफलकावर लावावा.

– एक वाचक, सातारा