नाकारलेल्या पॅचबद्दल, एका मेंटर ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव या पत्रात नाही, प्रकल्पाचंही नाही. तुम्हाला न विचारता ते जाहीर लिहिणं बरोबर नाही, आणि विचारलं असतं तर ‘कशाला रे उगाच’ म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. पण तुमच्या मार्गदर्शनाखाली एका ओपन सोर्स प्रकल्पासाठी केलेल्या तीन कमिटना, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या बदलांना, काल मान्यता मिळाली. तिन्हींवर लेखक म्हणून एकच नाव आहे आणि ते तुमचं नाही. कालपासून ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्या नाकारलेल्या पॅचबद्दल, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाबद्दल.

टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, तक्ता छापताना नावं देवनागरीत असली की रकाने वाकडे होतात, ही त्या प्रकल्पातली जुनी तक्रार. सी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांना कारण लगेच कळेल. प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला ‘रुंदी १० ठेव’ म्हटलं की ते बाइट मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. १२ हे १० पेक्षा जास्त, त्यामुळे प्रिंटएफ एकही मोकळी जागा सोडत नाही आणि पुढचा रकाना शब्दाला येऊन चिकटतो. पडद्यावर मात्र ‘पुणे’ दोनच घरं व्यापतो, कारण उकार अक्षराच्या खाली बसतो आणि मात्रा डोक्यावर. पुढे जागा हवी ८ घरांची.

पहिल्या मसुद्यात बाइटऐवजी चिन्हं मोजली होती. चिन्हं ४, म्हणून ६ मोकळ्या जागा. रकाने आधीपेक्षा सरळ दिसायला लागले आणि नेमकी त्यामुळेच चूक लपली. प्रत्येक उकारामागे आणि मात्रेमागे एकेक घर कमी पडतच होतं.

‘हे चुकलंय, रुंदी मोज’ असं तुम्ही एका ओळीत सांगू शकला असतात. त्याऐवजी तुम्ही एक लिंक पाठवलीत. काही वर्षांपूर्वीचा एक पॅच, तीच फाइल, तेच फंक्शन, तीच चूक. खाली प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचा नकार, कारणांसकट. वर नाव तुमचं, पण माहेरच्या आडनावाने, त्यामुळे तुम्ही सांगितलं नसतंत तर तो तुमचा आहे हे कधी कळलंच नसतं. सोबत दोन वाक्यं होती: ‘आधी हा वाच. मी इथेच अडकले होते.’

ताई, त्या लिंकने काय केलं ते तुम्हाला बहुधा माहीत नसेल. नाकारला गेलेला पॅच लोक शक्यतो कुणाला दाखवत नाहीत, तो विसरला जावा असंच प्रत्येकाला वाटतं. तुम्ही तो एका नवख्यापुढे ठेवलात, आणि ‘मला हे जमणार नाही’ हा विचार तिथल्या तिथे संपला. शिवाय त्या नकारात तिन्ही हरकती इतक्या नेमक्या लिहिलेल्या होत्या की पुढचा सगळा पॅच त्यांच्यावरच उभा राहिला. पहिली हरकत: चिन्हं मोजू नका, डब्ल्यूसीविड्थने, म्हणजे चिन्ह पडद्यावर किती घरं घेतं ते सांगणाऱ्या फंक्शनने, रुंदी मोजा. दुसरी: त्याआधी भाषा-लिपीची मांडणी ठरवणारं सेटलोकॅल बोलावलं नसेल तर प्रोग्राम सी लोकॅलमध्येच, म्हणजे मूळ साध्या मांडणीतच, राहतो आणि बहुतेक लिनक्सवर देवनागरीचे बाइट वाचतानाच चूक येते. तिसरी, जी कुणाच्याच लक्षात येत नाही: छापता न येणारं चिन्ह आलं की डब्ल्यूसीविड्थ उणे १ परत करतं. ते न तपासता बेरजेत धरलं की एकूण रुंदी कमी भरते आणि तक्त्यात एखादीच ओळ विनाकारण पुढे सरकते. अशी एकुलती एक ओळ शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

याआधी दुसऱ्या एका प्रकल्पात काय झालं होतं, तेही लिहितो, नाहीतर या लिंकची किंमत वाचणाऱ्याला कळणार नाही. तिथे ‘नवख्यांसाठी सोपं काम’ असा शिक्का मारलेली तक्रार होती. दुरुस्ती पाठवल्यावर पाच महिने चिटपाखरूही फिरकलं नाही. मग एकाने नियमावलीची लिंक टाकून बोळवण केली. नियमावलीप्रमाणे सुधारून पुन्हा पाठवल्यावर उत्तर आलं की दुरुस्ती मुख्य शाखेत आम्हीच केली आहे, आभार. त्या कमिटमधला बदल ओळखीचा होता, नाव दुसऱ्याचं होतं. कोड वाचायला वेळ नसणं समजू शकतं. पण ‘या महिन्यात जमणार नाही’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि ज्याचा कोड घेतला त्याचं नाव लिहायला त्याहूनही कमी.

तुम्ही ते अर्धं मिनिट प्रत्येक वेळी दिलंत. ‘आज होणार नाही, शुक्रवारी बघते’, आणि शुक्रवारी खरंच बघितलंत. तुमच्याकडे दुपारचे चार म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात, हे लक्षात ठेवून तुम्ही अभिप्राय सकाळीच टाकायचात, म्हणजे इथली संध्याकाळ वाया जाऊ नये.

अभिप्राय कसे द्यावेत हेही तुमच्याकडून उचलण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इतर मेंटरांच्या उपयोगी पडेल. प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला तुम्ही ‘हवंच’, ‘बरं होईल’ किंवा ‘प्रश्न’ असा शब्द लिहायचात. नवख्या माणसाला वीस शेरे एकदम दिसले की सगळे सारखेच गंभीर वाटतात, आणि तो कंसाच्या जागेवर दोन तास घालवून खरी चूक तशीच ठेवतो. तुमच्या वीसपैकी ‘हवंच’ चारच असायचे. कुठे काय चुकलं हे सांगताना तुम्ही आधी तुमच्या मशीनवर ते घडवून बघायचात आणि आउटपुट चिकटवायचात. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे वाक्य तुमच्याकडून एकदाही आलं नाही.

पॅच तीन तुकड्यांत करायला लावलात, त्यावर सुरुवातीला वाद झाला होता. पहिल्या कमिटमध्ये फक्त रुंदी मोजण्याचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये हलवायचा, वागणुकीत काडीचाही फरक नको. दुसऱ्यात खरी दुरुस्ती आणि तिच्यासोबतच चाचणी. तिसऱ्यात कागदपत्रं. कारण तुम्ही दाखवूनच दिलंत: हलवाहलव आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये असली तर डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत, दोनशे ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि बदललेल्या सहा ओळी त्यात हरवतात. मधलं प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड झालं पाहिजे, नाहीतर पुढे कुणी कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं बायसेक्ट, म्हणजे चूक कोणत्या कमिटपासून आली ते शोधणारा आदेश, चालवला की तो मोडक्या कमिटवर अडकतो. त्यासाठी कमिटं पुन्हा एकामागून एक लावणाऱ्या रीबेसला एक्झेक पर्याय देऊन प्रत्येक कमिटवर चाचण्या चालवायच्या. सुधारणा फिक्सअप, म्हणजे आधीच्या कमिटची दुरुस्ती करणाऱ्या, वेगळ्या कमिट म्हणून ठेवायच्या, शेवटी ऑटोस्क्वॉशने जागच्या जागी मिसळायच्या, आणि नवी आवृत्ती पाठवताना जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक दाखवणारा रेंज-डिफ जोडायचा, म्हणजे आधी वाचलेलं पुन्हा वाचावं लागत नाही.

चाचणीच्या बाबतीतही तुम्ही वेळेवर सावध केलंत. चाचण्या नेहमी सी लोकॅलमध्ये चालतात, तिथे देवनागरीची चाचणी हमखास नापास. तिच्यापुरतं यूटीएफ-८ वाचणारं सी डॉट यूटीएफ-८ लोकॅल लावायचं, आणि एखाद्या मशीनवर ते नसेलच तर चाचणी वगळायची, नापास दाखवायची नाही. खोटी नापास चाचणी दोनदा दिसली की तिसऱ्यांदा तिच्याकडे कुणी बघत नाही.

आणि जे सुटलं नाही ते कमिट संदेशात लिहायला लावलंत. काना, वेलांटी यांची रुंदी सगळ्या टर्मिनलांमध्ये सारखी धरली जात नाही. ‘कोल्हापूर’मधल्या जोडाक्षराचं तसंच: डब्ल्यूसीविड्थ ल आणि ह ची दोन घरं मोजतं, पण टर्मिनल ‘ल्ह’ जोडून दाखवतं की पाय मोडून, आणि त्याला किती जागा देतं, हे त्या टर्मिनलवर आणि फॉन्टवर अवलंबून. ‘सुटलं नाही ते लपवलंस तर पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधत बसेल,’ असं तुमचं म्हणणं होतं. तुमचा जुना पॅच आठवला तेव्हा हे वाक्य तुमच्या तोंडी का आलं ते कळलं.

आता ज्यासाठी हे पत्र उघडपणे लिहिलं ते.

आठवड्याला साधारण ५ तास, १२ आठवडे. ६० तास तरी तुम्ही दिलेत, नोकरी आणि घर सांभाळून. कुणाची किती कमिटं ते दाखवणारं गिट शॉर्टलॉग चालवलं तर या तीन महिन्यांत तुमचं नावच दिसत नाही. ते फक्त लेखक मोजतं. प्रकल्पाच्या पानावरचा योगदानाचा आलेखही कमिटच मोजतो. तुमचा तो जुना पॅच नाकारला गेला, म्हणून तो गिटच्या इतिहासात कुठेच नाही. ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्याची एक ओळही तिथे सापडणार नाही. नवख्यांना मेंटर देणारे कार्यक्रम आहेत, गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, आउटरीची आहे, तिथे निदान मेंटर ही भूमिका कागदावर असते. त्यांच्या बाहेर, तुमच्यासारखं आपणहून कुणाला हाताशी धरणाऱ्यांची नोंद कुठेच होत नाही. मग कधीतरी कंपनीत साहेब विचारतात, या वर्षी ओपन सोर्समध्ये काय केलंत, आणि दाखवायला काही नसतं. चांगले मेंटर असेच एकेक करून गळतात, आणि ते गेल्याचंही कुणाला कळत नाही, कारण ते होते हेच कुठे लिहिलेलं नसतं.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. खुद्द गिट प्रकल्पाच्या पॅच पाठवण्याच्या नियमांत ‘मेंटर्ड-बाय’ हा ट्रेलर, म्हणजे कमिट संदेशाच्या शेवटी लिहायची श्रेयाची ओळ, दिलेला आहे, मार्गदर्शन कार्यक्रमात पॅच घडवायला मदत करणाऱ्याच्या श्रेयासाठी. कार्यक्रमाबाहेर ‘हेल्प्ड-बाय’ चालतो. त्याऐवजी ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहून भागवू नये. लिनक्स कर्नलमध्ये त्या ओळीचा ठरलेला अर्थ आहे, की मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आणि तो घेण्याजोगा आहे. शिकवणं हे वेगळं काम आहे, त्याला वेगळी ओळ हवी. गिट २.२९ पासून शॉर्टलॉगला ग्रुप पर्यायात ट्रेलरचं नाव देता येतं, म्हणजे वर्षभरात कुणी किती कमिटांमागे उभं राहून काम केलं याची यादी एका आदेशात निघते.

फक्त दोन-तीन ठिकाणी घात होतो. ट्रेलर संदेशाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात हवा, वर एक रिकामी ओळ सोडून. स्क्वॉश करून, म्हणजे अनेक कमिटं एक करून, मुख्य कोडमध्ये मर्ज केलं की सगळे संदेश एकाखाली एक चिकटतात, मधल्या संदेशांचे ट्रेलर मजकुरात अडकतात आणि मोजले जात नाहीत. मर्ज करणाऱ्याने ते हाताने शेवटी आणावे लागतात. मर्ज झाल्यावर आठवण झाली आणि गिट नोट्समध्ये, म्हणजे कमिटला बाहेरून जोडलेल्या टिपांमध्ये, लिहिलं, तर त्या नोट्स क्लोनबरोबर, म्हणजे प्रकल्पाची प्रत घेताना, आपोआप येत नाहीत, म्हणजे लिहूनही न लिहिल्यासारखंच. आणि फोनवर, व्हिडिओवर जे शिकवलं जातं त्याचा तर मागमूसही राहत नाही. तुम्ही प्रत्येक कॉलनंतर पुल रिक्वेस्टवर, म्हणजे पॅच घ्या अशा विनंतीच्या पानावर, दोन ओळींचा सारांश लिहायला लावायचात, तेव्हा ते शिस्तीपुरतं वाटलं होतं. आज त्या शिकवण्याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

ताई, ती तीन कमिटं रिलीजसाठी थांबलेली आहेत, मर्ज व्हायला अजून आठवडा आहे. तिन्हींच्या शेवटी एकेक ओळ वाढवून ठेवली आहे, पण ट्रेलरमधला ईमेल कायमचा जगाला दिसत राहतो, म्हणून तुमच्या होकाराशिवाय ती पाठवणार नाही. नको म्हणालात तर काढून टाकीन. हो म्हणालात तर कोणता ईमेल टाकू ते सांगा, आणि आडनाव कोणतं लिहू तेही. दोन्ही हवी असतील तर मेलमॅप फाइलमध्ये जुनं नाव नव्याला जोडता येतं, शॉर्टलॉग ट्रेलर मोजतानाही ते पाळतं. ती ओळही लिहून तयार आहे.

तुमचाच,
त्या तीन कमिटांचा लेखक