ठिपके बायोसमध्येही दिसतायत

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पडद्यावरच्या ठिपक्यांचा फोटो मोठा करून बघितला. हिरवे ठिपके बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या, पानावरही आहेत, आणि तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) पुन्हा पुन्हा टाकून रात्री जागवू नकोस. आधी दुसरी वायर आणि दुसरा मॉनिटर लावून बघ. तरी ठिपके राहिले तर कार्डच बिघडलं असं समज, बहुधा त्याची मेमरी.

खरेदीला लागण्याआधी जुन्याची वॉरंटी तपास. कार्डावरचं सिरियल नंबरचं स्टिकर खरवडू नकोस, स्क्रूही उघडू नकोस.

नवीन घेताना सगळे वेगाचे आकडे बघतात, पॉवर सप्लायकडे कुणी बघत नाही. मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॉटच देतो, ६ पिनांची जोडणी आणखी ७५, ८ पिनांची १५०. त्यापुढची भूक कशी भागणार ते आधीच ठरव. दोन जोडण्या लागत असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या वायरी आण, एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडं वापरू नकोस. आणि कॅबिनेटमध्ये जागा किती ते पट्टीने मोज.

माझं सांगतो. मागे माझा पीसी गेम चालू केला की बंद पडायचा. आठवडाभर मी ड्रायव्हर बदलत बसलो, तीन वेळा विंडोजही नव्याने टाकलं. शेवटी झाकण उघडलं तर पॉवरची वायर अर्धवट खोचलेली, खटका बसलाच नव्हता. दाबल्यावर 'टक्' झालं आणि विषय संपला. तुझ्या आईने ते तोंड भरून ऐकवलं, अजूनही ऐकवते.

जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा छोटा खटका दाबायचा असतो. तो न दाबता ओढलंस तर स्लॉटच मोडू शकतो.

आता ड्रायव्हर. कार्डाची कंपनी बदलत असशील तर जुना पूर्ण पुसून टाक: सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू होतं तो प्रकार) जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा प्रोग्रॅम चालव, आणि तेवढा वेळ इंटरनेट तोडून ठेव, नाहीतर विंडोज मध्येच आपल्या मनाने एखादा ड्रायव्हर घुसवतं. एनव्हिडियाचं घेतलंस तर 'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ' असे दोन प्रकार दिसतील. तुझं काम व्हिडिओ एडिटिंगचं, तू स्टुडिओ घे. एएमडीमध्ये 'रेकमेंडेड' घे, 'ऑप्शनल' नको. जो नीट चालला त्याची फाइल जपून ठेव. नवी आवृत्ती आली म्हणून लगेच टाकायची घाई कशाला? तुझ्या कामातली एखादी अडचण ती सोडवत असेल तरच बघ.

'ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं' असा निरोप आला तर कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, कार्डाच्या उत्तराची वाट बघायची २ सेकंदांची मुदत वाढवायला सांगेल. क्वचित एखाद्या जड रेंडरसाठी ते ठीक, पण आजारी कार्डाला त्याने गुण येत नाही, आजार फक्त झाकला जातो.

सगळं बसवून पडदा काळाच राहिला तर घाबरण्याआधी मागे वाकून बघ. मॉनिटरची वायर नव्या कार्डात आहे की मदरबोर्डाच्या तोंडात? मी बघितली नव्हती, आणि तासभर दुकानदाराला दोष देत होतो.

तुझा,
बाबा